बॉल कुणाचा?

चोर्ला घाट चढताना क्रूझरच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. ओल्या जर्सी, ओले मोजे, बुटांना चिकटून आलेले कृत्रिम गवताचे काळे रबरी दाणे आणि शेंगाचटणीचा डब्यात कोंडलेला वास. सकाळी हाच घाट उतरताना पोरांनी एवढा दंगा केला होता की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन दोनदा दम दिला. परतताना कणकुंबी आली, गेली. कुणी तोंड उघडलं नाही. जांबोटीला चहासाठी उतरलो तेव्हा टपरीवाल्यानं जर्सी बघून सहज विचारलं, "मॅच होती काय? किती झालं गा?" आमच्या गोलकीपरनं एका हाताची पाची बोटं पसरली आणि दुसऱ्या हाताची मूठ वळून दाखवली.

पाच-शून्य. जुलैचा दुसरा रविवार होता. आमची पहिली स्पर्धा ऑगस्टात. त्याआधी पोरांना जरा वेगळ्या मैदानाचं, वेगळ्या संघाचं वारं लागावं म्हणून म्हापशाकडच्या एका क्लबच्या कुमार संघाशी सामना ठरवला होता. पैसे पालकांकडून गोळा केले, दोन क्रूझर ठरवल्या, पहाटे साडेचारला निघालो. आणि नव्वद मिनिटांत पोरांची मान अशी खाली गेली की मला घाटातल्या प्रत्येक वळणावर वाटत होतं, हे मी का केलं?

मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ३० वर्षं कामाला आहे. संध्याकाळी १७ वर्षांखालच्या पोरांचा संघ सांभाळतो. माझ्याकडं मोठी पदवी नाही. कॅम्पातल्या गल्ल्यांत मोठ्या मुलांनी गोलमध्ये उभं केलं, तिथं शिकलो. बेळगावात फुटबॉल आला तो छावणीतून, मिशनच्या शाळांतून, आणि इथल्या मातीत मुरला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र इथंच, त्यामुळं लष्करी जवानांना पळताना बघत आमच्या पिढ्या वाढल्या. एका अंगाला कोल्हापूर. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमी आखाड्याची ईर्षा घेऊन शाहू स्टेडियमवर उतरतात, आणि तिथल्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. दुसऱ्या अंगाला गोवा. तिथं भात कापून झालं की चर्चमागच्या शेतात गोलपोस्ट उभे राहतात. आम्ही या दोघांच्या मधोमध. दोन्हीकडं बघत खेळायचं आणि दोन्हीकडं जाऊन मार खायचा, ही आमची जुनी रीत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. या वेळी वाटलं, कारण या पोरांमध्ये मला खरंच काहीतरी दिसत होतं, अजूनही दिसतं.

पहिला गोल सातव्या मिनिटाला बसला आणि तो समजण्यासारखा होता. आमचं मैदान लाल मुरमाचं. पावसाळ्यात वर बोटभर चिखल, खाली दगडासारखं टणक. बॉल एकतर डबक्यात रुततो, नाहीतर खड्यावर आपटून गुडघ्याच्या वर उसळतो. आमच्या पोरांचे पाय त्या हिशेबाला बसलेत. तिथं कृत्रिम गवत, वर पाऊस. बॉल टप्पा घेतला की उसळत नव्हता, पाण्यावरून घसरत सुटत होता. आमच्या राइट बॅकनं सवयीनं अदमास घेतला, बॉल इथं मंदावेल म्हणून पावलं आखडली, आणि बॉल त्याच्या पुढून सरळ निघून गेला. त्यांच्या विंगरला ते ठाऊक होतं, तो आधीच पळत सुटला होता. यात पोराची चूक काढण्यासारखं काही नाही. चार वेळा अशा मैदानावर खेळला की पाय आपोआप शिकतात.

दुसरा गोल मात्र मी विसरणार नाही.

तेविसावं मिनिट असेल. त्यांच्या बॅकनं स्वतःच्या हाफमधून उंच, लांब बॉल टाकला. वारा समोरून होता, बॉल वर लटकल्यासारखा झाला. खाली आमचे दोन स्टॉपर, म्हणजे मधले बॅक, आणि गोलकीपर, तिघांत मिळून एक बॉल. जवळ त्यांचा एकच पोरगा, तोही दहा पावलं मागं. येळ्ळूरचा स्टॉपर एक पाऊल पुढं आला आणि थांबला. वडगावचा स्टॉपर एक पाऊल मागं आला आणि थांबला. गोलकीपर रेषेवरून निघाला, अर्ध्यात थबकला. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. बॉल तिघांच्या मधे धप्पकन पडला, घसरला, आणि मागून आलेल्या त्या नऊ नंबरच्या बारक्या पोरानं बुटाचं टोक लावलं. एवढंच. ना शॉट, ना ड्रिबल. तिघं आपापल्या जागी उभे, आणि बॉल जाळीत.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती, पण कळली नव्हती. बॉल हवेत असताना वडगावच्या पोरानं उजवा हात बाजूला काढला होता, तळवा खाली करून, काहीतरी दाबून धरल्यासारखा. मला वाटलं, तोल सावरतोय.

उरलेल्या तीन गोलांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. दुसऱ्यानंतर पोरांचं अवसान गेलं. एक कॉर्नरवर, दोन अगदी शेवटी, पाय भरून आल्यावर. पाय भरायला कारणंही होती. आठवडाभर मी त्यांना रोज पळवलं होतं. शिवाय येळ्ळूरचे दोघं शनिवारी संध्याकाळपर्यंत भाताच्या लावणीला चिखलात वाकलेले. पहाटे क्रूझरमध्ये चढले तेव्हा एकाच्या बोटांची सालं पाण्यानं पांढरी पडली होती. "लावणी सोडून येऊ दिलं नसतं सर घरातनं," म्हणाला. मी त्याला खेळवायला नको होतं. खेळवला.

रात्री घरी पोचलो, आंघोळ झाली, आणि फोन आला. मंडळातले एक ज्येष्ठ. मला लहानपणापासून बघितलेले, त्यांच्यापुढं मी आवाज चढवून बोलत नाही. त्यांना स्कोअर आधीच कळला होता. म्हणाले, "दोन्ही स्टॉपर बदल. आणि त्या वडगावच्या पोराला आपली भाषा नीट येत नाही, त्याला कशाला मधे उभा करतोस? मागं आपलीच दोन पोरं ठेव की, एकमेकांचं कळेल तरी." मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या "बघतो"चा मला पुढं दोन दिवस त्रास झाला.

आमच्या घरात भाषा हा साधा विषय नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. माझ्या वडिलांनी मरेपर्यंत दरवर्षी तो दिवस काळा दिवस म्हणून पाळला. दंडाला काळी फीत बांधून मूक फेरीत चालणारे वडील मी लहानपणी बघितलेत. मराठी माझ्या जिवाची आहे. मी हिशेब मराठीत करतो, देवाशी मराठीत बोलतो, हे लिहितोय तेही मराठीत. त्यामुळं त्या फोनमधलं वाक्य मला लगेच झटकून टाकता आलं नाही. मनात एकदा येऊन गेलं: खरंच असेल का तसं? पण वडगावचं पोर मराठी बोलतं की! गल्लीत, शाळेत, माझ्याशी, सगळीकडं. घरात कानडी, एवढंच. वडगाव-खासबागेत असं घर एक सोडून एक आहे.

झोप येईना, म्हणून मनाची समजूत घालायला लागलो. आमच्या घरी इंग्लंडच्या लीगचं वेड मुलानं आणलं, आता ते मलाही लागलंय. २०१९ चा जुलै आठवला. लिव्हरपूल नुकतंच युरोपचं विजेतं झालं होतं, आणि सीझनआधीच्या दौऱ्यात डॉर्टमुंडकडून ३-२ हरलं, सेव्हियाकडून २-१ हरलं, स्पोर्टिंगशी २-२ बरोबरी, आणि मग एडिंबरात नापोलीनं ३-० असं धुतलं. लोक म्हणायला लागले, संपलं यांचं. खरं बघितलं तर माने आणि सलाह आफ्रिकेच्या स्पर्धेतून, फिर्मिनो आणि आलिसन कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेतून यायचे होते. अर्धा कणाच संघात नव्हता. त्या सीझनला त्याच लिव्हरपूलनं ३८ पैकी ३२ सामने जिंकले, ९९ गुण घेतले आणि ३० वर्षांनी लीग घरी आणली. हे आठवून जरा बरं वाटलं.

पण मग २०१८ चं कोची आठवलं, आणि तेवढंच खरं होतं. केरळ ब्लास्टर्सनं घरच्या मैदानावर सीझनआधी मेलबर्न सिटी आणि स्पेनच्या जिरोनाला बोलावलं. मेलबर्नकडून ०-६, चार दिवसांनी जिरोनाकडून ०-५. तेव्हाही सगळे म्हणाले की हे सामने शिकण्यासाठी असतात. लीगचा पहिला सामना त्यांनी कोलकात्यात जाऊन जिंकलाही. पण नंतर महिनोन् महिने विजय नाही, १८ सामन्यांत फक्त २, आणि १० संघांत नववा नंबर. उलटही होतं. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्यानं एकदा तिकडच्या, हातात बॉल घेऊन पळण्याच्या फुटबॉलचं सांगितलं होतं. डेट्रॉइटचा संघ २००८ मध्ये सीझनआधीचे चारही सामने जिंकला आणि खऱ्या सीझनमध्ये सोळाच्या सोळा हरला. २०१७ मध्ये क्लीव्हलँडचं अगदी तसंच झालं. चार जिंकले, सोळा हरले.

म्हणजे आकड्याला काही विचारण्यात अर्थ नाही. पाच-शून्य मला काहीच सांगत नव्हतं. एवढं कळलं आणि पहाटे कधीतरी डोळा लागला.

सोमवारी कामावर गेलो. नव्या पॅटर्नचं पहिलं कास्टिंग आलं होतं, पंपाची बॉडी. वरून बघाल तर देखणी. हात फिरवला तरी कुठं खरखर नाही. आमच्याकडं अशा पहिल्या नगाला कधी शाबासकी देत नाहीत, त्याला बँडसॉवर घालतात. मधोमध कापला आणि आत दोन ब्लो होल निघाले, एक वाटाण्याएवढा. रेतीत ओल जास्त राहिली, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की असं होतं. धातू थंड होतो, वायू आत अडकून बसतो, बाहेरून काही कळत नाही. असा नग गिऱ्हाइकाकडं गेला तर दाबाखाली तिथंच फुटतो. म्हणून पहिला नग आपणच कापायचा. माझ्याबरोबरचा पोरगा कापलेली बाजू माझ्यापुढं धरून म्हणाला, "सर, व्हेंट कमी पडलेत." आणि मी त्या पोकळीकडं बघत उभा राहिलो. रविवारचा नग मी अजून कापलाच नव्हता. नुसता बाहेरून हात फिरवून रडत बसलो होतो.

एका पोराच्या भावानं सामन्याचा व्हिडिओ मोबाइलवर काढला होता. माझ्या बाजूलाच उभा राहून. हलतं चित्र, त्यात पावसाचे थेंब, म्हणून मी तो मागवला नव्हता. सोमवारी रात्री मागवला. पहिल्यांदा बघितला तेव्हा गोलच बघितले. दुसऱ्यांदा बघताना बायको आतून म्हणाली, "अहो, तो आवाज तरी कमी करा. नुसतं तुमचंच ओरडणं ऐकू येतंय."

मी व्हिडिओ थांबवला. पहिल्यापासून लावला, आणि या वेळी फोन उलटा ठेवून नुसता ऐकला.

गोव्याची पोरं बोलत होती. सतत. "म्हजो!", "सोड!", "मॅन ऑन!", कुणाचं तरी नाव, पुन्हा "म्हजो!", म्हणजे माझा. बारीक, फाटके, वयात येणाऱ्या पोरांचे आवाज, पण थांबत नव्हते. बॉल एका अंगाला असताना दुसऱ्या अंगाचा बॅकसुद्धा काहीतरी सांगत होता. आणि आमच्या बाजूनं एकच आवाज. माझा. "मागं ये!" "सोडू नको!" "राइटला बघ, राइटला!" "काढ, काढ, काढ!" किती वेळा ओरडलो ते मोजायला लागलो. पहिल्या पंचवीस मिनिटांतच चाळिसाच्या पुढं गेलं, तिथं मोजणं सोडलं. आमच्या अकरा पोरांचा मिळून एक शब्द सापडला नाही. गोलकीपरनं एकदा "एऽ" केलं होतं, तेवढंच.

दुसऱ्या गोलाला बॉल तीन सेकंद हवेत होता. तीन सेकंद फार असतात. "माझा" म्हणायला अर्धा सेकंद पुरतो. त्या तीन सेकंदांतही माझाच आवाज होता: "बघा! बघा! बघा!" काय बघा? कुणी बघा? मी ते तीन सेकंद पोरांच्या तोंडातून काढून घेतले होते. वाफेला वाट मिळाली नव्हती.

मंगळवारी सराव नव्हता. वडगावला गेलो. मनात काय होतं ते खरं सांगतो: त्या पोराशी बोलून ठरवणार होतो की त्याला मागं ठेवायचं की विंगला घालायचं. फोनवरच्या त्या वाक्यानं मनात घर केलं होतंच. त्याचं घर आतल्या गल्लीत. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम, मागं राहतं घर. गल्लीच्या तोंडापासूनच खटखट ऐकू येते, आणि दारात उभं राहिलं की ती छातीत बसते. त्याच्या आईनं "बर्री सर, कुंदर्री" म्हणून खुर्ची सरकवली. ओठ हलले म्हणून कळलं, ऐकू काही आलं नाही. वडील एका मागावर, पोरगा दुसऱ्या मागावर उभा. शाळेतून आला की रोज दोन तास तो माग बघतो, हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं.

मी बसलो होतो तेवढ्यात वडिलांच्या मागावर ताण्यातला धागा तुटला. पोराला आधी दिसला. त्यानं हाक मारली नाही. मारून उपयोगही नाही, धोटा सूं-सूं फिरत असताना हातभर अंतरावरचं बोलणं ऐकू येत नाही. त्यानं उजवा हात बाजूला काढला, तळवा खाली करून, काहीतरी दाबून धरल्यासारखा. वडिलांनी न बघता माग बंद केला. म्हणजे बघितलं असणारच, डोळ्याच्या कोपऱ्यातून, पण इतक्या सहज की मला कळलं नाही. पोरगा वाकला, दोन बोटांत धागा घेतला, गाठ मारली, कात्रीनं शेपूट कापलं, आणि हात वर केला. माग सुरू.

मी त्याला बाहेर कट्ट्यावर नेलं. विचारलं, "परवा तो दुसरा गोल. तू हात केलास, तो कशाला?"

"थांबा म्हणून सर. मी घेतो म्हणून."

"मग तोंडानं का नाही सांगितलंस?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तोंडात पहिलं कानडी येतं सर. गडबडीत. मग सगळे बघतात." आणि थोड्या वेळानं, खाली बघत, "आणि तुम्ही ओरडत होता."

ते पोर बोललं होतं. त्याच्या घरात जसं बोलतात, तसं तेविसाव्या मिनिटाला त्यानं स्वच्छ सांगितलं होतं की बॉल माझा आहे. ते ऐकायला कुणाची नजर तिकडं नव्हती. सगळे वर बॉलकडं बघत होते. आणि मी त्याला संघातून काढायचा विचार मनात घेऊन त्याच्या घरचा चहा पीत होतो. परत येताना मी स्कूटर नाथ पै चौकात लावून काही वेळ नुसता बसलो. मग त्या ज्येष्ठांना फोन केला आणि सांगितलं, दोन्ही स्टॉपर तेच राहणार. ते रागावले. अजून रागावलेलेच आहेत. त्यांचं वय, त्यांनी या भाषेसाठी काढलेले दिवस, सगळं मला ठाऊक आहे, आणि त्यांचा राग मला लागतो. पण हे पोर कुणाची भाषा हिरावून घ्यायला मैदानात उतरलेलं नाही, त्याला फक्त बॉल काढायचा होता, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

बुधवारी पोरांना गोल बसवलं. चिखल होता म्हणून पायऱ्यांवर. विचारलं, बॉल आपला असेल तर काय म्हणायचं? येळ्ळूरचा म्हणाला, "माझा." वडगावचा गप्प. मी म्हटलं, सांग, तुझ्या तोंडात पहिलं काय येतं ते सांग. "नंदु," तो म्हणाला. आमच्या मिडफिल्डरनं लगेच मान वळवली: "कोण नंदू?" कानडीत "नंदु" म्हणजे "माझं", हे तीन वर्षं एका संघात खेळून त्याला माहीत नव्हतं. त्याच्या गल्लीत दोन नंदू आहेत, त्याला वाटलं त्यांच्यापैकीच कुणी. त्याच्या घरी दखनी, तो "मेरा" म्हणतो. गोलकीपर कॅम्पातला, घरी कोकणी, तो म्हणाला की माझ्या तोंडात "कीपर" येतं. चौघांत मिळून चार भाषा, आणि रविवारी चारही भाषा एकमेकांची वाट बघत गप्प बसल्या होत्या.

मी त्यांना नियम सांगितला. नुसतं "सोड" किंवा "माझा" असं ओरडून समोरच्याचं लक्ष उडवलं, तर रेफरी पिवळं कार्ड दाखवू शकतो, खेळाच्या बाराव्या नियमात ते आहे. म्हणून जाणते खेळाडू स्वतःचं नाव घेतात. नावाला भाषा नसते, घोळही होत नाही. पोरांना पटलं. अर्धा तास उंच बॉल टाकून सराव केला. सुरुवातीला लाजत, मग जरा मोकळ्यानं, प्रत्येक जण आपापलं नाव ओरडत बॉल घेत होता. मला वाटलं, झालं काम.

झालं नव्हतं. बॉल खरोखर अवघड जागी पडला की नाव कुणाच्याच तोंडात येईना. तिथं जे यायचं तेच यायचं. "माझा!" "नंदु!" "कीपर!" दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. ऐकणाऱ्याला कळतंय ना, मग असू दे. शुक्रवारपर्यंत येळ्ळूरच्या पोराला "नंदु" ऐकलं की पाय मागं घ्यायची सवय लागली होती. वडगावचा हात मात्र अजून बाहेर येतो, तोंडाच्या आधी. मी तो बंद करायला सांगितलेला नाही. राइट बॅक आता त्या हाताकडं बघायला शिकलाय.

मी माझ्यासाठीही एक नेम केला. बॉल खेळात असताना बोलायचं नाही. बॉल बाहेर गेला, थ्रो आहे, कॉर्नर आहे, तेव्हा सांगायचं. हे लिहायला सोपं आहे. परवा सरावात दोनदा जीभ दाताखाली धरली, एकदा तरीही "मागं!" निघालंच, आणि गोलकीपरनं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली.

काल संध्याकाळी पाऊस चांगलाच होता. समोरासमोर अकरा-अकरा खेळवलं. मैदानाच्या मधल्या डबक्यातून कुणीतरी बॉल उंच उडवला, अगदी तसाच, लटकलेला. खाली तेच दोघं. मी छत्री घट्ट धरली.

"माझा!"

"नंदु!"

दोघंही एकदमच ओरडले, दोघंही गेले, आणि दोघांची डोकी अशी आपटली की आवाज मला कडेला ऐकू आला. बॉल दोघांच्या मधून निसटून गोलात गेला. मी पळत पोचलो तेव्हा येळ्ळूरच्याचा ओठ फाटला होता, वडगावच्याच्या कपाळावर टेंगूळ येत होतं. दोघं चिखलात बसल्या बसल्या भांडत होते. एक मराठीत, एक कानडीत, दोघंही टिपेच्या आवाजात. "मी पहिलं म्हटलेलं!" "इल्लो, नान मोदल!" गोलकीपर त्यांच्या डोक्यावर उभा राहून दोघांनाही सांगत होता की बॉल मुळात त्याचा होता. मिडफिल्डर हसत होता. राइट बॅक निवाडा करायला आला, त्याचंही कुणी ऐकेना.

मी फाटलेल्या ओठावर ओला रुमाल धरला. पहिली स्पर्धा अकरा दिवसांवर आलीय. मला बरंच काही सांगायचं होतं. बॉल अजून जाळीतच होता, कुणी काढून आणला नव्हता, आणि भांडण काही थांबत नव्हतं. मी रुमाल त्या पोराच्या हातात दिला आणि कडेला जाऊन उभा राहिलो.